बेसचा ठोका पडताच अँप बंद का होतो? मोटारीतील ऑडिओचा वीजपुरवठा तपासताना

कोथरूडमधील आमच्या सोसायटीतील एका काकांच्या मोटारीत गेल्या पावसाळ्यात एक चमत्कारिक दोष उद्भवला. आवाज हळू असेपर्यंत गाणी व्यवस्थित वाजत; मात्र आवाज वाढवून ढोल-ताशाचे ध्वनिमुद्रण लावले, की पहिल्याच दणदणीत ठोक्याला डिकीतील सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, गप्प होई आणि दोन-तीन सेकंदांनी आपोआप पुन्हा सुरू होई. बॅटरी जुनी झाली असावी असे समजून ती बदलण्यात आली, पण फरक पडला नाही. त्यानंतर जिथून ही यंत्रणा बसवून घेतली होती त्या दुकानात 'अँपच', म्हणजे स्पीकरना ताकद देणारा अँप्लिफायरच, 'गेला आहे' असे सांगण्यात आले, तेव्हा काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अहो, नवी बॅटरी टाकून झाली, तरी तेच. आता अँपही नवा घ्यायचा का?" मी त्यांना एवढेच म्हणालो, की काका, काहीही विकत घेण्याआधी आपण मोजून पाहू. मोजायला लागला तो पुण्याच्या तापकीर गल्लीत कुठेही मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर आणि अर्ध्या तासाचा वेळ. दोष सापडला तो एका स्क्रूखाली. त्या स्क्रूकडे मी पुढे येतोच, पण तो का सापडला आणि दुकानात का सापडला नाही हे समजण्यासाठी आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागेल.

सोसायटीच्या वरच्या मजल्यावरील नळाचे उदाहरण घ्या. पाइपात गाळ साचून तो जवळजवळ बुजलेला असला, तरी नळ बंद असेपर्यंत पाण्याचा दाब पूर्ण असतो. दाबमापक लावला तर तो निर्दोष आकडा दाखवेल. नळ पूर्ण उघडला, की मात्र धार करंगळीएवढी होते. मोटारीतील विजेचेही अगदी असेच आहे. अँप बंद असताना किंवा हळू वाजत असताना त्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजले, तर खराब जोडातूनही १२ व्होल्टच्या वरचा आकडा मिळतो, आणि 'सप्लाय येतोय' असे म्हणून मेकॅनिक पुढे जातो. सप्लाय येतो का, हा प्रश्नच अपुरा आहे. पूर्ण भार असताना तो टिकतो का, हे पाहायचे असते. शिवाय वीज अँपपर्यंत पोहोचून संपत नाही. लाल वायरीतून जेवढा करंट जातो, तेवढाच अर्थमधून, म्हणजे मोटारीच्या पत्र्यातून, बॅटरीच्या ऋण टर्मिनलकडे परत यावा लागतो. परतीचा हा मार्ग निम्मे सर्किट आहे, आणि माझा अनुभव असा, की वीजपुरवठ्याच्या तक्रारींमध्ये दोषी निघते ते बहुतेक वेळा हेच निम्मे.

सुरुवात बॅटरीपासून करावी. मोटारीच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि पूर्ण चार्ज झालेला प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो, म्हणून रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत सकाळी, दार उघडल्यावर लागणारे दिवे विझल्यानंतर, बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.२ च्या आसपास आकडा असेल, तर बॅटरी अर्धी रिकामी आहे, आणि १२ च्या खाली असेल तर ती आधी चार्ज करून घ्यावी. तशा बॅटरीवर केलेल्या पुढील कोणत्याही मोजमापावर विसंबता येत नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज काही क्षण १० च्या आसपास येणे स्वाभाविक आहे, परंतु ते ९.६ च्या खाली जाऊन तिथेच रेंगाळत असेल, तर बॅटरी थकलेली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहे. इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडे अनेक मेकॅनिक अजूनही डायनॅमोच म्हणतात, व्होल्टेज १३.८ ते १४.४ पर्यंत नेतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी संगणक हा आकडा मुद्दाम खाली-वर करतो, त्यामुळे नव्या गाडीत काही वेळ १२.८ दिसले म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवायला सांगू नये. हेडलाइट आणि एसी लावून काही मिनिटे निरीक्षण करावे.

मल्टिमीटर वापरताना एका चुकीपासून कटाक्षाने दूर राहावे. करंट मोजण्यासाठी लाल प्रोब मीटरच्या १० अँपिअरच्या खाचेत घातला आणि नंतर तो तिथेच विसरून बॅटरीचे व्होल्टेज मोजायला गेले, तर मीटर म्हणजे बॅटरीच्या दोन टोकांना जोडलेली सरळ तार होते. अशा वेळी बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. मीटरचा फ्यूज उडाला तर नशीब, अन्यथा प्रोब हातात वितळतो. त्याचप्रमाणे कोणतीही वायर सोडवण्याआधी बॅटरीचा ऋण टर्मिनल काढावा आणि जोडताना तो सर्वांत शेवटी जोडावा, म्हणजे हातातला पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडणार नाही.

आता तक्रार डेकची असेल, म्हणजे समोरचा स्टिरिओच सुरू होत नसेल किंवा मध्येच बंद पडत असेल, तर त्याच्या मागच्या कपलरमधील, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमधील, तीन वायरी पाहाव्यात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डेकमध्ये पिवळी वायर बॅटरीशी कायम जोडलेली असते, लाल वायरीत चावी फिरवल्यावरच सप्लाय येतो आणि काळी वायर अर्थची असते. गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग मात्र कंपनीनुसार बदलतात, त्यामुळे तिथे रंगावर विश्वास न ठेवता मीटरवर ठेवावा. पिवळ्या वायरीच्या जोरावरच डेक घड्याळ आणि रेडिओची स्टेशने लक्षात ठेवतो. प्रत्येक वेळी गाडी बंद करून सुरू केल्यावर डेक सगळे विसरून पहिल्या दिवसासारखा वागत असेल, तर पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली आहे, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. याच्या उलट, घाईत दोन्ही वायरी एकत्र पिळून कायमच्या सप्लायला जोडल्या असतील, तर डेक उत्तम चालतो, पण दोन-चार दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागत नाही. गाडी सुरू करताना डेक क्षणभर बंद होणे हा सहसा दोष नसतो, कारण सेल्फ मारताना एसीसीचा, म्हणजे चावी फिरवल्यावर मिळणारा, सप्लाय अनेक गाड्यांत मुद्दामच तोडलेला असतो.

अँपकडे तीन जोड असतात: बॅटरीकडून येणारी जाड धन वायर, पत्र्याला जोडलेली अर्थची वायर आणि डेककडून येणारी बारीक रिमोट वायर, जी बहुधा निळी असून तिच्यावर पांढरी रेघ असते. अँपचा दिवाच लागत नसेल, तर डेक चालू ठेवून रिमोटच्या टर्मिनलवर सुमारे १२ व्होल्ट येतात का, हे आधी पाहावे. इथे एक गमतीदार वाटणारा पण डोके खाणारा प्रकार घडतो. डेकमागे अनेकदा एक पूर्ण निळी वायरही असते. ती अँटेना उंचावणाऱ्या मोटरसाठी असते आणि बऱ्याच डेकमध्ये फक्त रेडिओ चालू असतानाच जिवंत होते. अँप तिला जोडला गेला, तर रेडिओवर बेस येतो आणि ब्लूटूथवर गाणे लावताच नाहीसा होतो, आणि मालक बिचारा फोन बदलून पाहत राहतो.

फ्यूजबद्दल मी आग्रहाने लिहितो, कारण इथे प्रश्न केवळ आवाजाचा राहत नाही. मुख्य वायरीवरचा फ्यूज अँपच्या रक्षणासाठी नसून वायरीच्या रक्षणासाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आतच असला पाहिजे. ही वायर बॉनेटमधून पत्र्याच्या भोकातून आत येते. तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारे कडे, नसेल, तर धक्क्यांनी घासून तिचे आवरण फाटते आणि धन वायर थेट पत्र्याला चिकटते. फ्यूज अँपपाशी असेल, तर त्याआधीची सगळी वायर या शॉर्टमध्ये लालभडक तापते, आणि तिच्या शेजारी गालिचा, फोम आणि प्लास्टिक असते. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा चांदी-कागद लावणे म्हणजे हे रक्षण स्वतःच्या हाताने काढून टाकणे होय. पट्टीच्या फ्यूजमध्ये लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा असतो, त्यामुळे कोणी बदल केला असल्यास रंगावरूनही ओळखता येते. सीएनजीच्या गाड्या पुण्यात खूप आहेत. त्यांच्या डिकीत टाकी असते, म्हणून तिथून जाड वायर नेताना ती टाकी, व्हॉल्व्ह आणि गॅसच्या नळीपासून दूर, आवरणनळीतून आणि पक्क्या क्लिपांत बांधूनच न्यावी.

आता काकांच्या गाडीकडे परत येतो. बॅटरी नवी होती, इंजिन चालू असताना तिच्यावर १३.९ व्होल्ट होते, फ्यूज योग्य होता आणि अँपचा दिवाही लागत होता. दुकानातील तपासणी इथेच थांबली होती. गाण्यातला ठोका क्षणभराचा असतो आणि मीटर तेवढ्या वेगाने आकडा दाखवू शकत नाही, म्हणून मी फोनवरून ५० हर्ट्झचा एकसलग सूर लावला आणि अँप बंद पडणार नाही इतपत आवाज वाढवला. असा सूर एका वेळी काही सेकंदच वाजवावा, नाहीतर सबवूफरची कॉइल तापून जळते. सूर चालू असताना बॅटरीवर १३.९ च होते, पण अँपच्या धन आणि अर्थ टर्मिनलांमध्ये फक्त ११.२ व्होल्ट उरले होते. मधले २.७ व्होल्ट वाटेत कुठेतरी गळत होते. कुठे, ते शोधण्याची रीत अत्यंत सोपी आहे आणि ती प्रत्येक गाडीमालकाने शिकून घ्यावी असे मला मनापासून वाटते. मीटर व्होल्टवर ठेवून एक प्रोब बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरा अँपच्या धन टर्मिनलवर ठेवायचा. वायर निर्दोष असेल तर दोन्ही टोके जवळजवळ सारख्याच दाबावर असतात, म्हणून आकडा शून्याजवळ येतो. मग तसेच बॅटरीच्या ऋण टर्मिनलपासून अँपच्या अर्थ टर्मिनलपर्यंत मोजायचे. प्रोबची वायर डिकीपर्यंत पुरत नाही, त्यासाठी चार-पाच मीटरची कोणतीही बारीक वायर जोडली तरी चालते, कारण व्होल्टेज मोजताना तिच्यातून करंट जवळजवळ जातच नाही.

धन बाजूला ०.४ व्होल्ट मिळाले. अर्थच्या बाजूला २.३.

आम्ही डिकीतील गालिचा उचलला. अर्थची वायर हातभरच लांब आणि पुरेशी जाड होती, पण तिच्या टोकाचा लग, म्हणजे स्क्रूखाली बसणारी धातूची कडी, पत्र्यावर एका लहान स्क्रूने आवळला होता आणि त्या जागचा रंग खरवडलेलाच नव्हता. धातूला धातू टेकत होता तो स्क्रूच्या आट्यांपुरताच. लगभोवती पावसाळ्यातल्या ओलीने तांबूस गंज धरला होता, वायरीचे आवरण टोकाशी किंचित वितळून चकाकत होते आणि स्क्रूला बोट लावताच चटका बसला. तेव्हा वायरीतून सुमारे २५ अँपिअर जात होते, २.३ गुणिले २५ म्हणजे ५७ वॅटहून अधिक उष्णता त्या एका स्क्रूपाशी निर्माण होत होती. आपण घरात वापरतो ती सोल्डरिंगची इस्त्री साधारण २५ वॅटची असते. मोठ्या ठोक्याला करंट आणखी वाढला, की हा तोटाही वाढे, अँपच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज त्याच्या किमान मर्यादेखाली जाई आणि अँप स्वतःला वाचवण्यासाठी बंद होई. अँप निर्दोष होता आणि त्याला जे करायला हवे, तेच तो करत होता.

हा जोड दुकानात मीटरच्या 'बीप'वर, म्हणजे मार्ग जोडलेला आहे की तुटलेला एवढेच सांगणाऱ्या सोयीवर, तपासला गेला होता, असे काकांनी सांगितले. बीप खोटी नव्हती, फक्त तिचा प्रश्न वेगळा होता. बहुतेक मीटर काही दशक ओहमच्या खालचा कोणताही जोड बीप करून मान्य करतात, आणि इथला रोध ०.१ ओहमपेक्षाही कमी होता. मीटरच्या प्रोबच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. ज्या केबलच्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक आहे, तीही आनंदाने बीप देते. म्हणून जास्त करंट वाहणाऱ्या जोडाची परीक्षा भार असताना त्याच्यावर पडणाऱ्या व्होल्टेजनेच करावी. अर्थच्या बाजूला हा आकडा पूर्ण भारातही ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत असावा. आम्ही बॉडीच्या भक्कम पत्र्यावरील एका जाड बोल्टभोवतीचा रंग चकाकी येईपर्यंत घासला, नवा लग दाबून बसवला, दातेरी वॉशर घालून आवळला आणि वरून गंजरोधक ग्रीस लावले. त्यानंतर अर्थवरचा तोटा ०.०८ व्होल्टवर आला. अर्थसाठी सीटबेल्टचा बोल्ट मात्र कधीही वापरू नये. तो जीव वाचवण्यासाठी आहे. काही जण खात्री म्हणून अर्थची वायर थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलपर्यंत नेतात. तेही टाळावे, कारण नव्या गाड्यांत त्या टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो, आणि त्याला वगळून जाणाऱ्या करंटमुळे गाडीच्या संगणकाचा बॅटरीबद्दलचा हिशेब चुकतो.

धन बाजूचे ०.४ व्होल्ट वायरीच्या जाडीचे होते. ८ गेजच्या तांब्याच्या वायरीचा छेद सुमारे ८.४ चौरस मिलिमीटर असतो आणि तिच्या पाच मीटर लांबीचा रोध ०.०१ ओहमच्या आसपास येतो. २५ अँपिअरला पाव व्होल्ट तिथेच जातो आणि उरलेला फ्यूज होल्डरमध्ये. एवढे चालण्यासारखे आहे. मात्र स्वस्त किटमधील वायर बरेचदा शुद्ध तांब्याची नसून ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते आणि तिचा रोध दीडपटीहून अधिक असतो. टोकाच्या तारा ब्लेडने खरवडून पाहाव्यात. आत चंदेरी रंग दिसला, तर एक-दोन पायऱ्या जाड वायर घ्यावी.

वॅटचे आकडे या सगळ्या हिशेबात फार गोंधळ घालतात. डेकवर '५० वॅट गुणिले ४' असे छापलेले असते, परंतु अंतर्गत अँपला मिळणाऱ्या १४.४ व्होल्टमध्ये ४ ओहमच्या स्पीकरवर शुद्ध सूर वाजवायचा, तर गणिताने कमाल २६ वॅटच निघतात. व्होल्टेज वाढवणारी वेगळी यंत्रणा आत नसेल, तर त्यापुढचा आकडा क्षणिक शिखराचा असतो. अँपसाठी करंट काढताना आरएमएस, म्हणजे सलग मिळू शकणारे, वॅटच धरावेत. ४०० वॅट आरएमएसचा क्लास डी अँप सुमारे ८० टक्के कार्यक्षमतेने चालला, तर तो बॅटरीकडून ५०० वॅट घेतो, म्हणजे १३.८ व्होल्टला ३६ अँपिअर. तेवढ्याच ताकदीचा जुन्या धाटणीचा क्लास एबी अँप ५० पेक्षा जास्त अँपिअर मागू शकतो. लहान मोटारींचे अल्टरनेटर कमी क्षमतेचे असतात आणि ती क्षमताही इंजिन वेगात फिरत असतानाच मिळते. हिंजवडीहून संध्याकाळी परतताना पाऊस पडतो आहे, वायपर, हेडलाइट, एसीचा पंखा आणि काचेचा डीफॉगर चालू आहेत आणि गाडी दहा-दहा फूट सरकते आहे, अशा वेळी आयडलिंगवरील अल्टरनेटर एवढे सगळे पुरवू शकत नाही. उरलेला करंट बॅटरीतून निघतो आणि गाणे ठोक्याला बसू लागते, हेडलाइट तालावर मंदावू लागतात.

यावर उपाय म्हणून एक फॅरडचा कपॅसिटर विकला जातो. त्याचा हिशेब मांडून पाहावा. १४.४ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत एक फॅरडचा कपॅसिटर सुमारे ३२ ज्यूल ऊर्जा देतो. ५०० वॅट मागणाऱ्या अँपला ती सेकंदाच्या सोळाव्या हिश्श्यापुरती पुरते. क्षणिक ठोक्याला थोडा आधार मिळतो, पण अल्टरनेटरची कमतरता त्याने भरून निघत नाही, आणि खराब अर्थ तर मुळीच नाही. आधी जोड आणि वायर दुरुस्त कराव्यात, मग बॅटरीची क्षमता पाहावी. त्यानंतरही उणीव राहिली, तर अँप गाडीला मोठा पडतो आहे असे समजावे.

अँपवरचा लाल 'प्रोटेक्ट' दिवा लागत असेल, तर दोष सहसा पुरवठ्यात नसून पुढे असतो. सगळ्या स्पीकर वायरी अँपमधून काढून तो सुरू करावा. तरीही दिवा लाल राहिला तर अँप दुरुस्तीला द्यावा, आणि विझला तर एकेक वायर जोडत जावी. ज्या वायरीने दिवा परत येतो, ती बहुधा दाराच्या सांध्यात पत्र्याला घासलेली असते. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी स्पीकरमधून येत असेल, तर डेक आणि अँप यांच्या अर्थमध्ये फरक आहे, आणि डेककडून अँपकडे आवाजाचा सिग्नल नेणारी आरसीए केबल त्या फरकाची वाहक बनली आहे. अँपपाशी आरसीए काढल्यावर शिट्टी थांबली, की अँपच्या मागे न लागता डेकचा अर्थ तपासावा.

रात्रीत बॅटरी उतरत असेल, तर अँप झोपतो का, हे आधी पाहावे. रिमोट वायर कायमच्या सप्लायला जोडली असल्यास तो कधीच झोपत नाही. गाडी कुलूपबंद करून अर्धा तास थांबावे, म्हणजे तिचे संगणक शांत होतात, आणि मग बॅटरीच्या ऋण वायरीत मीटर १० अँपिअरवर लावावा. वायर सोडवताना संपर्क तुटला, तर संगणक पुन्हा जागे होतात आणि तेवढेच पुन्हा थांबावे लागते. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचा आकडा मान्य असतो. तिथे अर्धा अँपिअर दिसला, तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत निम्म्यावर येते. एकेक फ्यूज काढत जावे. ज्याने आकडा कोसळतो, तो मार्ग सापडला. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नये.

काकांच्या डिकीतील झाकणाच्या आतल्या बाजूस आम्ही एक कागद चिकटवला आहे. त्यावर तारीख, भार असताना बॅटरीवरचे १३.९, अँपवरचे १३.४ आणि अर्थवरचे ०.०८ व्होल्ट, एवढेच लिहिले आहे. पंधरा दिवसांनी तो बोल्ट पुन्हा एकदा आवळला, तेव्हाही अर्थचा आकडा तोच होता. पुढची नोंद यंदाचा पावसाळा संपल्यावर होईल.